अंगचोर

भागोजीनं अडतीस वर्षं पाठीवर ओझी वाहिली. आधी साखरेची क्विंटलची पोती, मग खताच्या पन्नास किलोच्या गोणी. बंदराजवळच्या गोदामात तो माथाडी होता. शेवटची अकरा वर्षं टोळीचा मुकादम. गोण कशी घ्यायची हे तो नव्या माणसाला एकदाच सांगायचा. पाय आधी, पाठ मग. मान मोकळी. उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. आणि एकदा पाठीवर घेतली की ठरल्या जागेशिवाय खाली टाकायची नाही. वाटेत टाकलेली गोण पुन्हा उचलताना दुप्पट जड होते.

त्याच्या तोंडात शिवी एकच होती. अंगचोर. दोघांनी मिळून उचलायच्या ओझ्यात जो आपल्या बाजूचा जोर अर्धाच लावतो आणि बाकीचा भार जोडीदाराच्या मणक्यावर ढकलतो, तो अंगचोर. आईबहिणीवरून बोलणारे मुकादम पुष्कळ होते. भागोजी तसं बोलत नसे. पण त्यानं ज्याला अंगचोर म्हटलं त्याला कोणी जोडीला घेत नसे. आठवड्याभरात तो माणूस दुसरीकडे काम बघायचा.

टोळीत दोन रीती होत्या. एकीला पहिली खेप म्हणत. पोत्यांची थप्पी कोसळली, फळीवरून कोणी घसरला, की त्यातून जो वाचला त्यानं दुसऱ्या दिवशी पहिली खेप आणायची, आणि ती त्याच जागेवरून. भीती अंगात मुरायच्या आत. धर्माजी मुकादमानं ही रीत घालून दिली होती. धर्माजीला ती कोणी घालून दिली, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी रीत भागोजीच्या नावावर होती. कामाला हात घालण्याआधी तो माठातलं पाणी तांब्यानं डोक्यावरून ओतून घ्यायचा. छाती, पोट, मांड्या, सगळं भिजेस्तोवर. पौषातल्या थंडीतसुद्धा. बघून बघून सगळी टोळी तसं करू लागली. तिला ‘भागोजीची अंघोळ’ असं नाव पडलं. नवा माणूस आला की भागोजीचा जोडीदार तुकाराम त्याला माठापाशी न्यायचा. “घे, भीज आधी. लाभतं.” भागोजीला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गोदामात ती अंघोळ चालू होती. तिचा विषय निघाला की भागोजी दुसरीकडे बघायचा. लोकांना वाटायचं, मोठेपणा नको म्हणून.

भागोजीचं घर बांधपाड्यात. शहराच्या कडेला जुनी मिठागरं भरून वस्ती झाली आहे, तिथं. पुढं पत्रा, मागं खाडी. भरतीच्या दिवशी गटार उलटं वाहतं. तिथं भागोजी, त्याची बायको ठमाबाई, मुलगा सुजित आणि सून रुचिका, अशी चार माणसं राहतात. सुजित एकतीस वर्षांचा, औषधाच्या कंपनीत ऑपरेटर. कामाला चोख. बापासारखा, असं लोक म्हणत, आणि भागोजी ते ऐकून न ऐकल्यासारखं करी.

गेल्या फाल्गुनात त्या कंपनीत स्फोट झाला. सुजित आणि त्याचा जोडीदार शुभम एका टाकीवर काम करत होते. सुजित स्टोअरमधून वायसर आणायला गेला. बारा पावलं गेला असेल, तेवढ्यात व्हॉल्व्हनं शिट्टी मारली आणि झाकण उडालं. सुजितनं शुभमला ओढून बाहेर काढलं. पाचव्या दिवशी शुभम दवाखान्यातच वारला. सुजितच्या अंगावर एक फोड नव्हता.

हा फोड नसणं हीच भागोजीची अडचण झाली.

जखम दिसली असती तर त्याला समजलं असतं. मोडलेलं मनगट, सरकलेला मणका, फाटलेली टाच, सगळं त्यानं पाहिलं होतं. कशाला किती दिवस लागतात हे त्याला तोंडपाठ होतं. पण घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली, आणि सुजित ताटावरून उठून मोरीत जाऊन बसला. गुडघे पोटाशी, हात कानांवर, पाठ भिंतीला. अंग चोरून. चांगला धडधाकट माणूस, भांड्यांच्या शेजारी. भागोजीनं ताट बाजूला सारलं.

रुचिकानं कुकर माळ्यावर टाकला. भात पातेल्यात होऊ लागला.

“तांदूळ शिजेस्तो माझी दुपार जातेय,” ठमाबाई म्हणाली.

“जाऊ दे ना आई. शिट्टी नको.”

“शिट्टी नको, भोंगा नको, दार वाजायला नको,” भागोजी म्हणाला. “उद्या म्हणल कोंबडा नको. सवय लावताय तुम्ही त्याला.”

नवव्या दिवशी सकाळी त्यानं सुजितचे कामाचे कपडे खुंटीवरून काढून त्याच्या अंथरुणावर टाकले.

“घाल. जायचं हाय.”

“कुठं?”

“कामावर. टाकीपाशी जाऊन उभा ऱ्हा. हात लाव. मग घरी ये.”

“बाबा, मला जमणार न्हाय. आणि कंपनीनंच सांगितलंय पंधरा दिवस...”

“कंपनी काय सांगतंय ते सोड. आमच्यात दुसऱ्या दिवशी जायचं. तुला नऊ दिले.”

ठमाबाईनं पाण्याची लिटरची बाटली भरून भागोजीच्या हातात दिली. बापलेक रिक्षानं गेले. रिक्षातून उतरून फाटकापर्यंत सुजित चालत आला, हे खरं. कपाळावर घाम होता, पण येत होता. फाटकाशी सात वाजता पाळी सुटून दुसरी पाळी आत जाण्याची गर्दी. आणि भोंगा झाला.

सुजित जागच्या जागी खाली बसला. गुडघे पोटाशी, हात कानांवर. पँट पुढून ओली झाली, आणि खाली सिमेंटवर काळा डाग पसरत गेला. चाळीस-पन्नास माणसं थांबली. त्यांत सुजितच्या पाळीची होती, वस्तीतली होती.

वॉचमन पुढं आला. “काका, काय झालं याला?”

“काय झालेलं न्हाय,” भागोजी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “एक फोड न्हाय अंगावर. अंगचोर हाय.”

मग त्यानं सुजितला दंडाला धरून उठवलं.

घरी आल्यावर ठमाबाईनं बाटली हातात घेतली. “पाणी प्यायला न्हाय कोणी? भरलेली तशीच.” भागोजीनं तिच्या हातातून बाटली घेतली, मोरीत उलटी केली, आणि ती रिकामी होईस्तो तिथं उभा राहिला.

त्या दिवसापासून सुजित बापाशी एक शब्द बोलला नाही. चार महिने. बाप आत आला की तो ओट्यावर जायचा, बाप ओट्यावर आला की आत. दोन खोल्यांच्या घरात हे सोपं नसतं. त्याला रोज कष्ट पडत असणार. ते कष्ट तो न चुकता घेत होता, आणि भागोजी ते मोजत होता.

वस्तीच्या दवाखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी एक समुपदेशक येते, असं रुचिकाला शेजारणीकडून कळलं. नाव प्रणाली. तिशीच्या आतबाहेरची, पोयनाडकडच्या भातशेतीवाल्या घरची. रेवसहून तरीनं करंज्याला यायची, तिथून रिक्षानं. तिला दिलेली खोली आधी इंजेक्शनांचं सामान ठेवायची होती. वस्तीनं तिला ‘डोक्याची डॉक्टरीण’ केलं. तिच्या पद्धतीवर चेष्टा चालायच्या. दवाखान्यात नंबर आला की चमच्यानं ट्रे वाजवत, ते तिनं आपल्या खोलीपुरतं बंद केलं. स्वतः बाहेर येऊन, बाकाशी वाकून, हळू नाव सांगायची. खुर्ची अशी ठेवायची की बसणाऱ्याला दार दिसावं. आणि प्रत्येक गोष्ट विचारायची. पंखा लावू का? दार लोटू की उघडं असू दे?

“बाई दार विचारून लावतेय,” दवाखान्यासमोरचा पंक्चरवाला म्हणाला. “माझ्या घराला दारच न्हाय. मला काय विचारल?”

भागोजी या पंक्चरवाल्याच्या दुकानाशी उभा असायचा. रुचिका सुजितला घेऊन दवाखान्यात जाई तेव्हा. आत जाण्याची त्याला लाज होती. लोकांनी पाहिलं तर म्हणतील, भागोजी मुकादमाचं पोर वेडं झालं. घरी बसवेना म्हणून रस्त्याच्या पलीकडे, सायकलींच्या आडोशाला. सायकल त्याच्याकडे नव्हती.

तिथून बाक दिसायचा. बाकावर बसणारी माणसं तो निरखायचा. जुनी खोड. माणूस कसा बसतो, कसा उठतो, यावरून तो किती ओझं उचलेल हे त्याला कळायचं. बाकावरची सगळी एकाच तऱ्हेनं बसत. कडेला, खांदे आत ओढून, कोपर पोटाशी. ज्याचं झोपडं पाडलं गेलं तो. जिचा नवरा होडीवरून परत आला नाही ती. सगळी अंग चोरून.

एका मंगळवारी त्या बाकावर गोदू दिसली. गोदू मासळी सुकवायची. डोक्यावर दोन पाट्या, कडेवर एक, आणि ओहोटीच्या चिखलातून न थांबता अर्धा मैल. भागोजीनं पुरुषांतसुद्धा अशी पाठ कमी पाहिली होती. तिचा नवरा तिला मारतो हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. ती बाकाच्या टोकाला बसली होती, एवढीशी होऊन. आत कोणाच्या हातून मागचं लोखंडी दार सुटलं, धाडकन आपटलं, आणि गोदूचे दोन्ही हात डोक्यावर गेले.

गोदू आणि अंगचोर? भागोजीच्या तोंडून आवाज निघाला. पंक्चरवाला म्हणाला, “काय?”

“काय न्हाय.”

अडतीस वर्षं तो हा शब्द वापरत आला होता. कामापासून अंग चोरतात तसं मारापासूनही चोरतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बसणं दोघांचं सारखंच दिसतं. आणि आजवर ज्यांना त्यानं टोळीतून काढलं त्यांतले किती इकडचे होते आणि किती तिकडचे, हे आता मोजायला गेलं तरी मोजता येणार नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी प्रणाली स्वतःच रस्ता ओलांडून आली.

“काका, तुम्ही सुजितचे बाबा ना?”

“बोलायला बोलवायला आलायसा काय? मला बोलायचं काय न्हाय.”

“बोलायला नाही. आमचं मागचं दार वाजतं. ते वाजलं की माझी माणसं दचकतात. अर्ज केलाय, पण त्याला वेळ लागेल. तुम्हाला हातचं काम येतं असं ऐकलं.”

भागोजीनं तिच्याकडे पाहिलं. काम सांगते आहे की काम काढून बोलवते आहे, हे त्याला ठरवता येईना. पण दार वाजतं हे त्यानं स्वतः ऐकलं होतं.

“बिजागरीचा खिळा झिजला असल,” तो म्हणाला. “सकाळी सातला येतो. तुमची माणसं यायच्या आधी.”

चार सकाळी लागल्या. दार उतरवलं. झिजलेले खिळे काढून नवे घातले, वायसर टाकले. दार खाली घासत होतं तिथं कानस मारली. जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी कापून चौकटीला चारी बाजूंनी बसवली. पहिली पट्टी अर्ध्या सुतानं वाकडी गेली, ती उपटून पुन्हा लावली. नऊ वाजले की अवजारं गुंडाळून निघायचा. माणसं यायच्या वेळी थांबायचं नाही, कोणाचं काही कानावर पडू द्यायचं नाही, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

शेवटच्या सकाळी प्रणाली लवकर आली होती. त्यानं तिला दाराकडे पाठ करून उभं केलं.

“मी दार लावतो. लागलं की सांगा.”

ती उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “लावा ना.”

“लावलंय.”

ती वळली आणि हसली. भागोजीलाही हसू आलं, पण त्यानं ते पट्टीवर बोट फिरवण्यात घालवलं.

“एक विचारू?” तो म्हणाला. “एवढं जपून माणूस कडक कसा व्हायचा? आमच्यात पहिली खेप असायची.” आणि त्यानं तिला रीत सांगितली. सांगताना आवाज नेहमीसारखा चढला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “मग भीती जायची?”

“काम व्हायचं.”

“ते झालंच असणार. मी भीतीचं विचारते.”

भागोजी दार पुन्हा उघडून लावून बघू लागला.

“आम्ही इथं ‘तुला काय झालंय’ असं विचारत नाही, काका. त्यात माणसातच खोट असल्यासारखं वाटतं. ‘तुझ्यावर काय बेतलं’ असं विचारतो.” मग जरा थांबून, “तुमच्यावर कधी आली होती पहिली खेप?”

“तेल कमी पडलंय खालच्या बिजागरीला,” भागोजी म्हणाला.

“बरं. सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तर नका सांगू.” आणि ती खरंच आपल्या खोलीत गेली.

ती खोदून विचारील, मग आपण चिडू, मग निघून जाऊ, असा त्याचा हिशेब होता. तिनं विचारलंच नाही. ओझं त्याच्याच हातात राहिलं.

पहिली खेप त्याच्यावर बाविसाव्या वर्षी आली होती. रेवसपलीकडच्या एकाच गावातून तो आणि चांगदेव एकाच दिवशी तरीत बसून कामाला आले होते. वर्षभरानं एका दुपारी बावीस थरांची थप्पी चांगदेववर आली. भागोजी हातभर बाजूला होता म्हणून राहिला. पोती उपसायला वीस मिनिटं लागली. पहिली दहा मिनिटं चांगदेवचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजी मुकादमानं सगळ्या टोळीसमोर त्याला त्या जागेकडे नेलं आणि म्हणाला, “घे.” भागोजी वाकला, पोतं पाठीवर आलं, आणि त्याच क्षणी धोतराच्या आत ऊन पाणी मांड्यांवरून घोट्यापर्यंत गेलं.

ठरल्या जागी पोतं टाकून तो वळला तो थेट माठाकडे. तांब्यावर तांब्या डोक्यावरून ओतून घेतला. कोणीतरी हसलं, “भागोजीला लय गरम झालं.” दुसऱ्या दिवशी पोतं पाहिल्यावर पुन्हा तसं होईल या धाकानं त्यानं आधीच ओतून घेतलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. मग कधी होईल याचा नेम नाही म्हणून रोजच. सदतीस वर्षं. तसं होणं पहिल्या वर्षातच थांबलं होतं. पाणी थांबलं नाही.

म्हणजे फाटकाशी सुजित बसला तेव्हा त्या पन्नास माणसांत काय करायचं हे नक्की माहीत असलेला माणूस एकच होता. त्याच्या हातात लिटरभर पाणी होतं. बूच फिरवायचं, पोराच्या डोक्यावर ओतायचं, मोठ्यानं म्हणायचं, ‘घेरी आली त्याला.’ काम दोन सेकंदांचं. ओझं दोघांनी उचलायचं होतं, आणि एका बाजूचा जोर लागलाच नव्हता. कोणत्या, ते त्याला मुकादमाच्या डोळ्यानं स्वच्छ दिसत होतं.

श्रावणात एका शुक्रवारी जेवताना सुजित ठमाबाईला म्हणाला, “आई, उद्या कंपनीकडं जाऊन येतो. आत न्हाय जाणार. लांबून बघायचं. जिथं पुरे वाटेल तिथून परत फिरायचं, असं ठरलंय प्रणालीताईंबरोबर.”

“मी येऊ?” रुचिका म्हणाली. “माझी उद्या शिफ्ट हाय, पण मी...”

“नको. शिफ्ट कर तू.” सुजितनं भात कालवला. भाताकडे बघत म्हणाला, “आई, त्यांना यायचं असलं तर येऊ दे. माझ्या मागून.”

‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे कोणी विचारलं नाही. भागोजी पलीकडच्या खोलीत जेवत होता, ऐकू येईल एवढ्यावर.

सकाळी त्यानं बाटली स्वतः भरली. सुजित पुढं, तो चार पावलं मागं. कंपनीच्या रस्त्याला फाटकापासून शंभर पावलांवर भेंडीचं झाड आहे आणि त्याखाली चहाची टपरी. गोदामही त्याच रस्त्याला, म्हणून माथाडी तिथं कामाआधी चहाला येतात. निवृत्त झाल्यापासून तुकारामाची सकाळ त्याच बाकड्यावर जाते. तो तिथं असणार हे भागोजीला माहीत होतं. नसावा असं त्याला वाटत होतं.

झाडापाशी सुजितची चाल मंदावली. फाटक समोर दिसत होतं. तो उभा राहिला, एक हात झाडाला लावून.

“या मुकादम!” तुकारामानं हाक दिली. मग सुजितला पाहिलं. “अरे वा, पोरगं निघालं वाटतं कामाला! बरं झालं. किती दिवस अंग चोरायचं माणसानं?”

टोळीतले चौघे-पाच जण हसले. फार नाही. वडीलधाऱ्यानं काही म्हटलं की हसतात तेवढं. सुजितचे खांदे आत गेले. ते मागून भागोजीला दिसलं.

तुकारामाला काही कळलं नाही. तो रंगात आला होता. “तुम्ही नवे हाय, म्हणून सांगतो,” तो टोळीला म्हणाला. “तुम्ही रोज भिजताय ना, ते यानं सुरू केलं. डोळ्यासमोर सोबती मेला, दुसऱ्या दिवशी यानं पहिली खेप आणली. डोळ्यात टिपूस न्हाय. आणली, आणि तांब्याभर पाणी ओतून घेतलं. अशी छाती पायजे. काय भागोजी?”

“मी मुतलो होतो,” भागोजी म्हणाला.

कोणाला नीट कळलं नाही. एक जण हसला आणि थांबला.

“धोतरात. पोतं पाठीवर असताना,” भागोजी म्हणाला. एकेक शब्द नीट ठेवत होता. “कोणाला दिसू नये म्हणून पाणी ओतलं. मग रोजच ओतलं. छातीबिती काय न्हाय.”

तुकारामाच्या हातातला ग्लास तोंडापर्यंत जाऊन थांबला होता. तो खाली आला.

“मग आम्ही एवढी वर्षं कशाला भिजलो रे?” तो म्हणाला.

भागोजीचे कान तापले होते. सत्तरीकडं झुकलेला माणूस, टोळीसमोर, दिवसाढवळ्या. त्याला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही.

सुजित वळून त्याच्याकडे बघत होता. चार महिन्यांनी पहिल्यांदा.

“तुमच्या हातात बाटली होती,” सुजित म्हणाला.

“व्हती.”

“भरलेली.”

“व्हय.”

“मग?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. धर्माजी, पहिली खेप, आमच्या वेळी कोणी आम्हाला... भागोजीनं ते सगळं बाजूला ठेवलं.

“लोक बघत व्हते,” तो म्हणाला.

“माझ्याकडं बघत होते, बाबा. तुमच्याकडं न्हाय.”

“व्हय,” भागोजी म्हणाला. “अंगचोर म्हणालो ते चुकलं. तेव्हाच कळलं व्हतं.”

तेव्हाच, हा शब्द त्यानं मुद्दाम घातला. नंतर कळलं असं सांगणं सोपं होतं. ते खरं नव्हतं.

सुजितनं पुन्हा फाटकाकडे तोंड केलं. आतल्या शेडचं छप्पर नवं घातलं होतं, पत्रा चमकत होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग झाड सोडून पुढं निघाला. दहा पावलं, वीस पावलं. भागोजी मागं. तीसच्या पुढं सुजित थांबला. मानेवरून घाम उतरत होता, श्वास वर वर चालला होता.

“आज इथपर्यंत,” तो म्हणाला.

साठ-पासष्ट पावलं राहिली होती. ‘एवढंच तर राहिलं’ हे शब्द भागोजीच्या दातांपर्यंत आले. ते त्यानं गिळले. ठरल्या जागेच्या अलीकडून ओझं घेऊन परत फिरणं त्याला जन्मात माहीत नव्हतं. तसं फिरणाऱ्याला त्यानं काय म्हटलं असतं, तेही त्याला माहीत होतं.

“बरं,” तो म्हणाला, आणि आधी स्वतः वळला.

ते दोघे टपरीवरून जाताना तुकाराम उठून उभा राहिला. टोळीतल्या पोरांनी ग्लासांत डोकं घातलं होतं. त्यांच्यासमोरून चालताना भागोजीला मान वर करता आली नाही, आणि त्यानं तसा प्रयत्नही केला नाही.

वळणापाशी सुजित थांबला. मागं न बघता हात मागं केला.

“पाणी द्या.”

भागोजीनं बूच फिरवून बाटली दिली. सुजित अर्धी प्यायला, तोंडावर थोडं मारलं, बाटली परत दिली. भागोजीनं बूच घट्ट लावलं आणि त्याला पुढं जाऊ दिलं. चार पावलांचं अंतर पडल्यावर तो चालू लागला.